बाईंची टाकी कोण भरतं

या, थोडं पुढे सरकून बसा. दाराशी उभे आहात त्यांनीही आत यावं, मांडीला मांडी लावून बसलं की सगळे मावतात. विम्याची गोष्ट आहे असं सांगितलं तर जांभया द्याल, म्हणून दुसऱ्या टोकाने सांगतो. गुन्हा आहे पाण्याचा, आरोपी आहे एकटी राहणारी म्हातारी, आणि शिक्षा कोणी चौकशी करण्याआधीच ठरलेली. देवाचं नाव घेऊन सुरू करतो. मध्ये कोणी उठू नका.

१

मंडईमागच्या गल्लीत हमीद बिल्डिंग आहे. किल्लारीचा भूकंप झाला त्याच्या पुढच्या वर्षी, माघात, एका सकाळी श्यामसुंदरने आपल्या दुकानाचं शटर वर केलं आणि तो तिथेच उभा राहिला. मग त्याने मान वर करून पहिल्या मजल्याकडे हाक दिली.

"भाभी, खाली येता का? तुमची बिल्डिंग माझ्या दुकानात आली आहे."

नसीमबानू खाली आल्या. श्यामसुंदर लग्नपत्रिका छापायचा. मागच्या भिंतीजवळचा छताचा गिलावा धपकन कोसळला होता आणि त्याच्या मागोमाग पाणी. सोनेरी काठाच्या कोऱ्या पत्रिकांचे गठ्ठे फुगून पुरीसारखे झाले होते. लग्नसराई तोंडावर आलेली.

"वरून येतंय," श्यामसुंदर म्हणाला. "वर कोण राहतं ते मी सांगायला नको. मालकीण आपण आहात."

त्या भिंतीमागे डक्ट होता, म्हणजे सगळ्या मोऱ्यांचे पाइप खाली आणणारी अरुंद उभी पोकळी. त्या डक्टला लागून अगदी वर, तिसऱ्या मजल्यावर, मंदाकिनीबाईंची मोरी. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, गुडघ्यांनी अधू. गल्लीतली अर्धी मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली, श्यामसुंदरसुद्धा.

दुपारी विम्याचा एजंट आला. त्याचं येणं आधीच ठरलेलं होतं, कारण बिल्डिंगची पॉलिसी शनिवारी संपत होती. नसीमबानूंचे यजमान शमशुद्दीन गेले तेव्हापासून ती फक्त आगीची होती आणि तशीच दर साली पुढे ढकलली जात होती. आता एजंट म्हणाला, भूकंपाची जोखीम घ्या, टाक्या फुटून पाणी वाहिलं तर त्याची घ्या, बिऱ्हाडकरूंना इजा झाली तर त्याची घ्या. मग त्याची नजर दुकानाच्या छताकडे गेली आणि तो थांबला.

"पाण्याचं मात्र आता जमणार नाही. कारण कळल्याशिवाय साहेब सही करायचे नाहीत. आणि भाडेकरूच नळ उघडा टाकत असेल, तर मुळीच नाही."

"मग भाडेकरू बदलू," गुलजार म्हणाला. हा शमशुद्दीनचा पुतण्या. बिल्डिंगची देखभाल तोच बघायचा. "चाची, शुक्रवारी बाईंना नोटीस देऊन टाकू. माझी काही दुश्मनी नाही. पण एका खोलीपायी सगळी बिल्डिंग उघड्यावर टाकायची का?"

नसीमबानूंची नजर जिन्याकडे गेली. शमशुद्दीन गेल्यावर भाडेपावत्या वाचता याव्यात म्हणून त्यांना मराठी अक्षरं शिकवली होती ती मंदाकिनीबाईंनी. रोज दुपारी, वर, त्याच खोलीत. त्या खोलीतून बाईंना बाहेर काढायच्या कागदावर आता त्याच अक्षरांत सही करायची होती.

२

त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि थेट दत्ताच्या देवळात गेल्या. दीनानाथराव कुठे सापडतील हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. नुकसान झालं की विमा कंपनीतर्फे जाऊन ते खरं किती, खोटं किती, हे ठरवणारा हा माणूस. निवृत्त झाल्यावर कीर्तन असेल तिथे पहिल्या रांगेत, नसेल तेव्हा ते सुरू होण्याची वाट बघत. शमशुद्दीनचे जुने दोस्त.

दीनानाथराव आले. दुकानाच्या भिंतीवर त्यांनी तळहात ठेवला, ताप बघावा तसा. मग नखाने गिलावा खरवडून आतली वीट दाबली.

"भाभी, हे आजचं पाणी नाही. वीट आतून मऊ झाली आहे. रोज थोडं थोडं मुरतंय. आज फक्त छताचा धीर सुटला."

"मुरतंय कधीपासून?"

श्यामसुंदर काउंटरमागून म्हणाला, "पहिला डाग दत्तजयंतीनंतर दिसला. मी बाईंना दोनदा वर जाऊन सांगितलं, नळ बघा. त्यांनी मला चहा दिला. नळाचं उत्तर दिलं नाही."

"दत्तजयंतीनंतर," दीनानाथराव पुटपुटले आणि जिना चढू लागले.

मंदाकिनीबाई दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. खालचं सगळं त्यांच्या कानावर आलेलं होतं, हे त्यांच्या ताठ बसण्यावरून कळत होतं.

"बसा दीनानाथराव. आरोपीचा जबाब घ्यायला आलात ना?"

"बाई, नळ उघडा राहतो का कधी?"

"जन्मभर पोरांना सांगत आले, नळ बंद करा. गुडघे गेलेत माझे, डोकं नाही."

दीनानाथरावांनी मोरी पाहिली. कोरडी. नळाखाली बादली, तीही पालथी. मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "टाकी कोण भरतं तुमची?"

हा प्रश्न नसीमबानूंच्या मनातही आला नव्हता. हमीद बिल्डिंगची रीत अशी: प्रत्येक बिऱ्हाडाची टाकी गच्चीवर वेगळी. सकाळी गुलजार खालच्या हौदावरची मोटर लावतो. मग ज्याने त्याने वर जायचं, आपल्या टाकीचा कॉक उघडायचा, भरली की बंद करायचा. बाईंना तर गच्चीचा तो उभा, कठड्याशिवायचा जिना चढता येत नव्हता.

बाईंनी खिडकीतून आभाळाकडे बोट दाखवलं.

"देव भरतो," त्या म्हणाल्या. "हसायचं असेल तर हसा. आधी मी एकेक कळशी खालून आणत होते, पायरीपायरीला बसत. दत्तजयंती झाली आणि एका सकाळी नळाला पाणी आलं. दुसऱ्या दिवशीही आलं. मी कोणाला वर बघायला पाठवलं नाही आणि कोणाला विचारलंही नाही. मिळतंय त्याची उलटतपासणी कशाला घ्यायची?"

नसीमबानूंना हसू आलं नाही. बाई खोटं बोलत नव्हत्या. मग गच्चीवर जाऊन तो कॉक रोज फिरवत होतं कोण?

३

गच्चीवर काळ्या टाक्यांची रांग होती, उंच लोखंडी घोड्यांवर चढवलेली. शिडी लावल्याशिवाय कुठल्याच टाकीत डोकावता येत नव्हतं. टाकी भरायला किती वेळ लागतो हे सवयीनं ज्याला त्याला ठाऊक, त्यावरच सगळा कारभार.

दीनानाथराव बाईंच्या टाकीपाशी वाकले.

"भाभी, हे बघा. कॉकच्या दांडीला चिंधी गुंडाळली आहे. हिरवी, फुलाफुलांची, टाके घालून पक्की केलेली. का?"

"कॉक घट्ट आहे. नुसत्या हाताला रुततो."

"ज्याचा हात नाजूक त्याला रुततो. आता चिंधीवर काय दिसतं?"

नसीमबानूंनी चष्मा सावरला. चिंधीवर लाल बोटं उमटली होती. ओली नव्हती, पण एकावर एक, बऱ्याच दिवसांची.

"ज्याने चिंधी बांधली त्याचीच बोटं असतील," त्या म्हणाल्या.

"असती तर बोटं चिंधीच्या त्या भागावर असती, जिथे नाजूक हात धरेल. टोकाशी, दोन्ही हातांनी. ही बोटं मधोमध आहेत, जाड आहेत आणि एकाच हाताची आहेत. या हाताला चिंधीची गरजच नव्हती. आयती होती म्हणून धरली." ते सरळ झाले. "या कॉकला दोन माणसं हात लावतात, भाभी. आणि मला वाटतं, एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही."

मग ते टाकीच्या मागच्या बाजूला गेले. टाकी भरून वाहू लागली की जादा पाणी बाहेर सोडणारा पाइप तिथे होता. बाकीच्या टाक्यांचे पाइप गच्चीवरच मोकळे सोडलेले. पाणी सांडलं की दिसावं म्हणून. बाईंच्या टाकीला मात्र नवा पांढरा तुकडा जोडून तो डक्टच्या तोंडात खुपसलेला होता.

"सांडलेलं पाणी कोणाच्या डोळ्यांना दिसू नये, अशी सोय कोणीतरी केली आहे," दीनानाथराव म्हणाले.

पाठीमागे जिन्याचं दार वाजलं. गुलजार उभा होता.

"चाची, खाली चला. इथे बघण्यासारखं काही नाही."

४

गुलजारकडे एक बिल्डर अधूनमधून येऊन बसतो, हे नसीमबानूंनी पाहिलं होतं. एक खोली रिकामी झाली की दुसरी रिकामी करणं सोपं जातं, हेही त्यांना कळत होतं.

"तो पाइप कोणी जोडला?" त्यांनी विचारलं.

गुलजारने इकडेतिकडे पाहिलं. "मी."

"का?"

"दत्तजयंतीनंतर एकदोन सकाळी बाईंच्या टाकीतून पाणी वाहिलं. गच्चीत तळं झालं. स्लॅब गळायला लागला तर खालच्यांचे हाल. प्लंबरच्या मागे कोण लागणार, म्हणून मीच तुकडा आणला आणि डक्टमध्ये सोडला. आत ते भिंतीवर उडतं हे मी वाकून बघितलं नाही. ती माझी चूक."

"पाणी वाहतं हे तुला ठाऊक होतं," दीनानाथराव म्हणाले, "मग ते का वाहतं, हा विचार केलास?"

"बाई कॉक बंद करायला विसरतात, असं वाटलं."

"बाई गच्चीवर येऊ शकत नाहीत."

रोज मोटर लावणाऱ्या गुलजारच्या हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तो बिल्डर?" नसीमबानूंनी विचारलं.

"येतो, चहा पितो, जातो. तुमच्या म्हातारपणी ही कटकट नको, म्हणून ऐकून घेतो."

"मी म्हातारी झाले की मला कळव. बातमी मलाच शेवटी कळायला नको."

गुलजारने मान खाली घातली. नसीमबानूंचा जीव भांड्यात पडला होता, पण तो त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. पुतण्याने आळस केला होता, कपट नव्हतं. पण कॉक फिरवणारे दोघं अजून अंधारातच होते आणि शुक्रवार उद्यावर आला होता.

गुलजार खाली गेल्यावर दीनानाथराव कठड्याला टेकले.

"भाभी, माणसं मला कळली आहेत. पण नावं सांगवत नाहीत. सांगितली तर त्यांचं काहीतरी मोडेल, आणि नाही सांगितली तर बाईंचं घर मोडेल."

"काय मोडेल?"

"दत्तजयंतीच्या सप्ताहातलं शेवटचं कीर्तन आठवतं? आनंदीबाई बुवा आल्या होत्या, सासवडकडच्या."

आठवत होतं. मांडव गल्लीच्या टोकाला होता, पण कर्णा थेट हमीद बिल्डिंगच्या समोर टांगलेला. नसीमबानूंनी आपल्या गॅलरीत तांदूळ निवडत सगळं ऐकलं होतं. देव गड्याचं रूप घेऊन भक्ताच्या घरी राबतो, कावडीनं पाणी वाहतो, आणि घरात कोणाला पत्ता नसतो, असं ते आख्यान. आणि शेवटी त्या घोगऱ्या आवाजात आनंदीबाईंनी घातलेली शपथ: उद्यापासून एक सेवा अशी करा की ती घरातल्या माणसालाही सांगायची नाही. सांगितलीत की ती तुमची झाली, देवाची राहिली नाही.

त्या वेळी आणखी कोण ऐकत होतं? नसीमबानूंनी डोळे मिटले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत तिथली भाडेकरू नजमा, लोकांचे कपडे शिवणारी, मशीनवरचं शिवण मांडीवर घेऊन, काजबटणं करत. हिरवं, फुलाफुलांचं कापड. आणि खाली, दुकानाबाहेर स्टुलावर, लाल शाईने बोटं कायमची रंगलेला माणूस.

"या खुदा," त्या हळूच म्हणाल्या. "तो तर बाईंवर सर्वांत जास्त चिडलाय."

"म्हणूनच," दीनानाथराव म्हणाले. "विचार करा, तो का चिडला असेल?"

५

शुक्रवारी सकाळी सगळे मंदाकिनीबाईंच्या खोलीत जमले, कारण बाईंना आता जिना उतरवत नव्हता. खुर्चीत बाई. पलंगाच्या कडेवर एजंट. गुलजार दाराला टेकून. नजमा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात. श्यामसुंदर उभाच.

"माझ्या पत्रिकांचं काय ते बोला," तो म्हणाला. "कीर्तन नंतर लावा."

"कीर्तनच आहे," दीनानाथराव म्हणाले. "या बिल्डिंगमध्ये दोन माणसं आहेत. एकमेकांना न सांगता दोघांनी एकच व्रत घेतलं. पहिलं माणूस मोटर लागली की वर जातं, आपली टाकी भरतं, बाईंचीही भरतं, कॉक बंद करतं, खाली येतं. थोड्या वेळाने दुसरं माणूस वर जातं. कॉक बंद दिसतो. बाई वर येत नाहीत हे त्याला माहीत. म्हणजे टाकी रिकामी असणार. आत डोकावायला शिडी नाही. तेही तितकाच वेळ पाणी सोडतं. भरलेल्या टाकीत पुन्हा एक टाकी. ते सगळं गुलजारच्या पाइपातून डक्टमध्ये, डक्टमधून भिंतीत. पाइप इतक्या लवकर जोडला नसता तर गच्चीतलं पाणी बघून दुसऱ्याला आज ना उद्या कळलं असतं. तेव्हा इथे निष्काळजी कोणी नाही. नळ कोणी उघडा टाकला नाही. पुण्य दोनदा झालं, एवढंच."

नजमा शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान फिरवत होती. श्यामसुंदरचे दोन्ही हात खिशात गेले होते.

एजंटने घसा साफ केला. "ऐकायला छान आहे साहेब. पण वर मी काय सांगू? दोन अज्ञात भक्त? नावं नसतील तर टाकी ज्यांची, दोष त्यांचा. पाण्याची जोखीम मिळणार नाही."

गुलजारने नसीमबानूंकडे पाहिलं. नसीमबानूंनी कोणाकडेच पाहिलं नाही. नावं त्यांच्या जिभेवर होती. पण ती त्यांनी घ्यायची नव्हती.

"माझं नाव लिहा," श्यामसुंदर म्हणाला.

त्याने हात खिशातून बाहेर काढले. "गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकायला जातो असं घरी सांगतो. रोज टाकतोही, म्हणजे खोटं होत नाही. बाई, मी भरलेलं पाणी तुम्ही नळ उघडा ठेवून घालवता असं वाटलं मला. दोनदा विचारायला आलो. बोलता येईना. मग ओरडलो."

"दुसरं माझं," उंबऱ्यातून आवाज आला. नजमा फारसं कधी बोलत नसे. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून कधी घरी. "पहिलं माझं म्हणा. भाई, तुमच्याआधी मीच भरून जात होते."

श्यामसुंदर तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे माझ्या पत्रिका मीच भिजवल्या."

"निम्म्या मी," नजमा म्हणाली.

आणि हसलं कोण, तर आधी एजंट.

मंदाकिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"श्याम, फळा पुसायला सांगितलं तरी तुझे हात दुखायचे," त्या म्हणाल्या. मग दोघांकडे बघून, "मी एका देवाच्या भरवशावर होते. दोन निघाले. बरं झालं. आता वार वाटून घ्या दोघं, म्हणजे कोणीतरी एक सकाळी उशिरा उठेल."

६

पुढचं काम तासाभरात झालं. दीनानाथराव सांगत गेले, एजंट टिपत गेला. टाक्यांना आपोआप बंद होणारे तरंगते कॉक लावायचे, गुलजारने तो पाइप आजच्या आज काढायचा. या दोन अटींवर पाण्याची जोखीम मिळणार होती.

"पण भाभी, नीट ऐका," दीनानाथराव म्हणाले. "टाकी अचानक फुटली, वाहिली, तर विमा भरून देईल. भिंतीत मुरणारं पाणी कुठलीच पॉलिसी भरून देत नाही. मुरतंय ते आपणच बघायचं. रक्कम बिल्डिंग पुन्हा उभी करायला लागेल तेवढी लिहा, जागेची किंमत त्यात धरू नका, जमीन जळत नाही. भूकंप घ्या. छताचा गिलावा पत्रिकांऐवजी कोणाच्या डोक्यावर पडला असता, तर तीही जबाबदारी घ्या. आणि श्यामसुंदर, बिल्डिंगच्या विम्याला तुझ्या पत्रिका दिसत नाहीत. तुझ्या मालाचा तू वेगळा उतरव."

"हप्ता मोठा होईल हा," गुलजार म्हणाला. पण या वेळी तो वाद घालत नव्हता, विचारत होता. "चाची, काय ठेवायचं, काय गाळायचं?"

नसीमबानूंनी एजंटचा कागद आपल्याकडे ओढला. मग त्यांनी एजंटला विचारलं, "हे सगळं भिंतींचं झालं. घर पडलं, दुरुस्तीला काढलं, तर ही माणसं तेवढे दिवस कुठे राहतील? त्याचं काही असतं का तुमच्यात?"

"असतं. पर्यायी जागेच्या भाड्याचं. कोणी मागत नाही म्हणून मी बोललो नाही."

"ते आधी लिहा," नसीमबानू म्हणाल्या. "बाकीचं त्याच्या खाली."

त्यांनी सही केली, मंदाकिनीबाईंच्या समोर, सावकाश, एकेक अक्षर बघून. बाईंनी मान पुढे करून ती वाचली आणि म्हणाल्या, "वेलांटी अजून आखूड काढतेस."

नोटीस लिहिलीच गेली नाही. दुपारी सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून गच्चीवर पत्रिका वाळत घातल्या. बऱ्याच वाचल्या. न वाचलेल्यांचा हिशेब श्यामसुंदरने काढला नाही. एका भिजवणाऱ्याकडून पैसे मागायचे तर दुसऱ्याचे मला माझ्याच खिशातून द्यावे लागतील, असं तो म्हणाला.

झाली माझी गोष्ट. आता उठण्याआधी एक मागणं ऐका. त्या कीर्तनाच्या दिवशी मांडव जवळजवळ रिकामा होता. पुढे दीनानाथराव, मागे चटईवर झोपलेला मांडववाला आणि दोनचार जणं. आनंदीबाई बुवांनी ते पाहिलं, आख्यान तसंच पूर्ण केलं, आरती घेतली आणि सासवडच्या गाडीला गेल्या. आपलं कीर्तन वाया गेलं असंच त्यांना वाटलं असेल. गॅलऱ्यांमधून कोण ऐकत होतं, दुसऱ्या सकाळी दोन माणसं गच्चीवर कशी चढली, एका म्हातारीचं घर त्यावर कसं पणाला लागलं आणि कसं राहिलं, यातलं काही त्यांना कधी कळलं नाही. पुन्हा त्या आमच्या गल्लीत आल्या नाहीत. दत्ताच्या देवळात जाल, कुठे कर्ण्यावर घोगऱ्या आवाजातलं कीर्तन कानी येईल, तेव्हा त्या आनंदीबाईंची आठवण ठेवा.